लाथाळ शेळीची धार

पोरी, शेळी लाथ मारते म्हणून तिला लगेच बाजाराची वाट दाखवू नकोस. दुधाला चांगल्या, जुळी करडं देणाऱ्या कितीतरी शेळ्या केवळ धार काढू देत नाहीत एवढ्यावरून विकल्या जातात, आणि विकत घेणारा बहुतेक वेळा खाटीकच असतो. त्यातल्या बऱ्याच नीट वळणावर आल्या असत्या. सासूबाईंनी मला जे सांगितलं आणि शेरडांत वावरताना जे खरं ठरलेलं पाहिलं, ते तुला सांगते. त्यातली मुख्य गोष्ट पहिल्यांदा ऐक. शेळीला दाबून धरलं तरी दूध निघतं, पण सगळं दूध ती पान्हावली तरच निघतं.

आपली उस्मानाबादी काही दुधासाठी नावाजलेली नाही. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात तिला मटणासाठी आणि जुळ्यांसाठी पाळतात. तरी चांगल्या चाऱ्यावर ती दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते. घरातल्या पोरांच्या कपभर दुधाची आणि चहाची सोय त्यात होते. एवढ्याशा दुधातलं पावशेर कासेत राहून गेलं किंवा लाथेनं सांडलं, तर घराला ते जाणवतं. म्हणून हे शिकून घेण्यासारखं आहे.

पान्हा कशानं येतो

गायीच्या कासेत दूध साठायला जागा थोडी असते. बरंचसं दूध वरच्या बारीक पिशव्यांत आणि नळ्यांत असतं, म्हणून पान्हा आला नाही तर गायीखालची चरवी जवळपास रिकामीच राहते. शेळीचं तसं नाही. तिच्या कासेत खालच्या अंगाला मोठी पोकळी असते आणि दोन धारांच्या मधल्या वेळात तयार झालेल्या दुधाचा मोठा भाग तिथे उतरून बसतो. त्यामुळे भेदरलेल्या शेळीचंही दूध येतं आणि काढणाऱ्याला वाटतं, झालं काम. वरचं दूध मात्र तसंच राहतं. ते सगळ्यात दाट असतं, सायही त्याचीच जास्त येते. रोज ते मागे राहत गेलं की कास दूध बनवणं कमी करते आणि शेळी लवकर आटते. मग लोक म्हणतात, हिच्या अंगात दूधच नाही.

करडानं कासेला ढुशी दिली, कोमट पाण्याच्या फडक्यानं कास पुसली, ओळखीच्या माणसाची हाक आली, की शेळीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं. ते मिनिटाभरात कासेत पोचतं आणि वरचं दूध खाली ढकलतं. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. घाबरली किंवा दुखलं की अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं आणि हे काम तिथेच अडतं. यातून दोन गोष्टी लक्षात ठेव. कास पुसल्यावर मिनिटाभरात धारेला बस आणि पाच-सात मिनिटांत आटप. आणि धारेच्या आधी ओरडणं, ओढाताण, मारणं यातलं काहीही झालं, तर त्या वेळचा पान्हा गेला असं समज.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोच असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय त्याची सवय लागली की जनावर हातानं पान्हावणं सोडतं.

आधी कास बघ

लाथेमागे चार कारणं असतात: दुखणं, भीती, करडाची ओढ आणि जडलेली सवय. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कारण कळेपर्यंत दोरीला हात लावू नकोस. सुरुवात दुखण्यापासून कर, कारण दुखत असेल तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

सकाळच्या उजेडात शेळीला भिंतीलगत उभी कर आणि खाली बसून कास नीट बघ. दोन्ही बाजू तळहातानं चाचप. एक बाजू दुसरीपेक्षा गरम, कडक, लाल किंवा मोठी लागली, तर स्तनदाहाचा संशय धर. गावाकडे त्याला दगडी म्हणतात. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घे. पांढऱ्या फडक्यावर न दिसणाऱ्या गुठळ्या आणि तंतू काळ्यावर लगेच उठून दिसतात. दूध पाणचट, गुठळ्यांचं किंवा रक्ताळलेलं असेल तर पशुवैद्यकाला बोलाव, औषधाचा कोर्स पुरा कर आणि डॉक्टर सांगेपर्यंत ते दूध घरात वापरू नकोस. कास गार पडून निळी-काळी दिसायला लागली तर तासभरही थांबू नकोस, त्यात शेळीचा जीव जातो. घरात दुसऱ्या शेळ्या असतील तर आजारी शेळीची धार सगळ्यांत शेवटी काढ आणि हात साबणानं धू.

दगडी नसेल तर बारीकसारीक बघ. कास आणि मांडी यांच्या मधल्या मऊ कातडीत गोचीड लपून बसतात. बोरी-बाभळीत चरून आलेल्या शेळीच्या कासेत काटा मोडून राहतो. वरून नुसता काळा ठिपका दिसतो, पण त्यावरून बोट फिरलं की शेळी पाठ आखडते आणि पाय उचलते. सडाच्या टोकाला बारीक चीर पडलेली असते, ती सड जरा ताणून बघितल्याशिवाय दिसत नाही. करडांचे खालचे दात धारदार असतात, त्यांच्या खुणा सडाच्या मुळाशी सापडतात. करडांच्या ओठांना मावा झाला असेल तर दूध पिताना तो आईच्या सडांना लागतो आणि फोड येतात. मावा माणसाच्या हातालाही होतो, तेव्हा अशा वेळी हातमोजे घाल.

पहिल्या वेताच्या शेळीची कास व्यायल्यानंतर काही दिवस सुजलेली, ताठ असते. तिला कोमट पाण्याचा शेक दे आणि थोडं थोडं दूध दिवसातून जास्त वेळा काढ. सूज उतरली की तिचं लाथ मारणंही बरंच कमी होतं.

आपले हातही बघून घे. वाढलेली नखं, अंगठी, थंडीतले गारठलेले तळवे, यांनी शांत शेळीसुद्धा उसळते. नखं कापलेली असू दे, अंगठी काढून ठेव आणि हिवाळ्यात हात एकमेकांवर चोळून ऊब आल्यावरच सडाला लाव.

जागा, वेळ आणि माणूस

धारेची जागा रोज एकच ठेव. वेळ एकच ठेव, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, म्हणजे दोन धारांमध्ये सारखं अंतर पडतं. माणूसही निदान सुरुवातीला एकच असू दे. शेळीला नवेपणा सोसत नाही. आज अंगणात, उद्या गोठ्यात, आज तू, उद्या धाकटा दीर, असं झालं तर ती रोज नव्यानं बिथरते.

फूटभर उंचीचा ओटा असेल तर उत्तम. जाड फळ्या ठोकून केलेला कट्टाही चालतो, पण तो डुगडुगता कामा नये. पाय घसरला की शेळी त्या जागेलाच घाबरते. एका बाजूला भिंत असू दे, म्हणजे तिला सरकायला एकच बाजू उरते. गळ्यातलं दावं समोरच्या खुंटीला आखूड बांध आणि तोंडासमोर घमेलं ठेव. मक्याचा भरडा नुसता दिला तर ती भराभर खाऊन टाकते आणि घमेलं रिकामं झालं की पाय हलवायला लागते. त्यात तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट मिसळलं की ती निवडत, चघळत खाते आणि तेवढ्यात धार होते. तिला गप्प ठेवायला भरडा वाढवत नेऊ नकोस. जादा धान्यानं पोटात आम्ल वाढतं आणि शेळी चारा टाकते. धारेपुरत्या मूठ-दोन मुठी पुरे, बाकीचं पोट चाऱ्यानं भरू दे.

शेळी नवीन विकत आणली असेल तर जुन्या मालकिणीला नीट विचारून घे: धार कुठल्या बाजूनं काढत होता, किती वाजता, करडू सोडून की न सोडता, हाक काय मारत होता. मागून बसून धार काढायची सवय असलेल्या शेळीच्या बाजूला एकदम जाऊन बसलं तर ती उडणारच. जुन्या मालकिणीनं वापरलेलं फडकं किंवा जुनं लुगडं मिळालं तर घेऊन ये आणि पहिले काही दिवस धारेला बसताना खांद्यावर टाक. ओळखीच्या वासानं शेळी निवते. हातात बांगड्या किणकिणत असतील आणि आधीचा माणूस बिनबांगड्यांचा असेल, तर धारेपुरत्या त्या वर सरकवून फडक्यानं बांध. कुत्रं जवळ नको. बोकड तर नकोच, त्याचा उग्र वास दुधाला लागतो.

हात कसा चालवायचा

बहुतेकांचं इथे चुकतं. दूध ओढून काढायचं नसतं. ओढल्यानं सड लांबतात, आतली नाजूक कातडी सोलवटते आणि तिथून दगडी शिरते.

अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून सडाच्या मुळाशी, म्हणजे सड कासेला मिळतो तिथे, बंद कर. सडात उतरलेल्या दुधाला आता वर परतायला वाट नाही. मग मधलं बोट, अनामिका आणि करंगळी याच क्रमानं मिट. चिळकांडी निघेल. सगळी बोटं सैल सोड, सड पुन्हा भरलेला हाताला कळेल, मग पुन्हा कडं बंद कर. कडं फार वर नेऊन कासेचा मांसल भाग त्यात धरू नकोस, तिथे चिमटा बसला की लाथ ठरलेली. दोन हात आलटून पालटून चालव, एक मिटताना दुसरा सैल. हाताला ठेका सापडला की शेळी रवंथ करायला लागते. ती रवंथ करत उभी राहिली की तुझा हात बसला म्हणून समज.

आपल्या शेळ्यांचे सड आखूड असतात आणि पहिलारूचे तर फारच. त्यात पूर्ण मूठ बसत नाही. तिथे कड्याखाली एक किंवा दोनच बोटं मिट, पण क्रम तोच ठेव. अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबायची पद्धत काही जण वापरतात. त्यानं काम लवकर होतं, पण सड जायबंदी होतो. बोटं दुधात बुडवून ओल्या हातानं पिळायची सवयही लावून घेऊ नकोस, मळ सडातून आत जातो. कास पुसून कोरडी कर आणि कोरड्या हातानंच धार काढ.

शेवटी धार बारीक झाली की लगेच उठू नकोस. करडू देतं तशी हलकी ढुशी तळहातानं कासेला खालून दोन-तीनदा दे, वरून खाली हलक्या हातानं चोळ आणि पुन्हा पिळ. राहिलेलं दाट दूध उतरतं.

हाताला सराव नसेल तर पहिले धडे शेळीवर गिरवू नकोस. रबरी हातमोज्यात पाणी भर, मनगटाकडे घट्ट बांध, एका बोटाच्या टोकाला टाचणीनं भोक पाड आणि त्यावर बोटं मिटायचा क्रम पक्का कर. बोटं दुखायची तेवढी तिथेच दुखू देत. अवघडलेल्या, धिम्या हातानं शेळी कंटाळते, तिचा खुराक संपतो आणि भांडण सुरू होतं.

पाय उचलला तर

डोकं किंवा खांदा शेळीच्या कुशीला टेकवून बस. पाय उचलण्याआधी तिच्या कुशीचा स्नायू ताठ होतो, ते खांद्याला आधी कळतं आणि चरवी बाजूला घ्यायला तेवढा वेळ मिळतो. चरवी लहान आणि रुंद तोंडाची घे. पेलाभर दूध झालं की ते दूर टांगलेल्या किटलीत ओत. मग लाथ बसलीच तर पेलाभर जाईल, सगळी धार जाणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तिनं पाय झाडला तर चरवी काढ, पिळणं थांबव, पण हात कासेवरून काढू नकोस. पाय जिकडे जाईल तिकडे हात नुसता टेकलेला जाऊ दे. पाय खाली आला, ती उभी राहिली, की एक-दोन चिळकांड्या काढ आणि मग तू आपण होऊन हात काढ. लाथ मारल्यावर हात निघाला की ती शिकते, लाथ मारली की सुटका होते. शांत उभं राहिल्यावर हात निघाला की ती उलट शिकते. जडलेल्या सवयीवर एवढाच खरा इलाज आहे. धार नेहमी तिच्या शांत क्षणीच थांबव. मधल्या वेळेतही, दूध काढायचं नसताना, पाठीवरून, मांडीवरून, कासेवरून हात फिरवत जा.

पाय धरायचाच झाला तर मागच्या पायाचा वळलेला सांधा असतो त्याच्या वर धर, खाली धरलास तर ती आणखी जोरानं झाडते. जुन्या बायका उकिडवं बसून शेळीचा मागचा पाय आपल्या मांडी-पोटरीच्या बेचक्यात धरतात आणि एका हातानं धार काढतात. लहान चणीच्या शेळीला ते चालतं, पण दाब इतकाच ठेव की पाय हलेल, झाडता येणार नाही. दोरीचा उपाय अगदी शेवटचा. मऊ सुती दोरी, दोन्ही मागच्या पायांना सांध्याच्या वर इंग्रजी आठाच्या आकारात, आणि ओढली की सुटेल अशी गाठ. शेळी पडली तर दोरी लगेच सोडवता आली पाहिजे. दुखणं नाही याची खात्री झाल्यावरच बांध आणि दिवसागणिक सैल करत ने. काठी, शेपूट पिरगाळणं, कान ओढणं, हे या घरात व्हायचं नाही.

पहिलारू आणि करडं

पुढच्या शेळ्या लाथाळ होऊ नयेत असं वाटत असेल तर काम व्यायच्या आधी सुरू होतं. शेळी साधारण पाच महिने गाभण असते. शेवटच्या महिन्यात पहिलारूला रोज धारेच्या जागी आण, मूठभर खुराक दे आणि कासेवरून हात फिरव. सड पिळू नकोस. सडाच्या तोंडाशी असलेली खुटी निघाली तर आत घाण जायला वाट होते, आणि करडांसाठी साठणारा चीकही जातो.

चीक करडांचाच. जन्मल्यापासून तासाभरात पहिला घोट त्यांच्या पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. दोन किलोच्या करडाला म्हणजे पावशेरापेक्षा थोडा कमी. जुळी असतील तर पहिले दोन-तीन आठवडे दुधावर त्यांचाच हक्क. कास फारच ताठली तर ताण हलका होईल एवढंच काढ.

करडं पाला कुरतडायला लागली की रात्री त्यांना डालग्याखाली ठेव. सकाळी धारेला करडू शेळीच्या तोंडासमोर बांध, म्हणजे ती त्याला चाटत उभी राहते. पाठीमागे ठेवलंस तर ती सारखी वळते, आणि नजरेआड केलंस तर पान्हा आखडते. करडाला आधी दोन-चार घोट पिऊ दे, पान्हा उतरला की बाजूला घे, एका सडाची धार काढ आणि दुसरा सड करडासाठी सोड. दुसऱ्या दिवशी सड बदल. करडाचं पोट भरतं हे शेळीला कळलं की तीही सैल होते.

करडू दगावलं तर शेळी काही दिवस ओरडते आणि दूध चोरते. तेव्हा कास जरा जास्त वेळ शेक, चोळ, आणि धार चुकवू नकोस. तिला वेळ लागतो, तो दे.

धार झाल्यावर

धार झाली की सडाचं तोंड लगेच मिटत नाही. त्या वेळात शेळी लेंड्यांत बसली तर जंतू आत जातात. म्हणून तिच्यासमोर शेवरी, सुबाभूळ असा हिरवा पाला टाक, म्हणजे अर्धा तास ती उभी राहते. पशुवैद्यकानं सड बुडवायचं औषध दिलं असेल तर तेही याच वेळी लाव.

दूध स्वच्छ फडक्यातून गाळ आणि उकळूनच वापर. कच्च्या दुधातून माणसाला माल्टा ताप होतो. तो सांधे धरतो आणि लवकर सोडत नाही. डेंग्यूत पेशी वाढतात म्हणून लोक शेळीचं कच्चं दूध मागायला दारात येतात. पेशी वाढतात याला भक्कम पुरावा नाही, आणि आजारी माणसाला कच्चं दूध देणं धोक्याचं. त्यांना उकळलेलं दे आणि दवाखान्यात जायला सांग.

एवढं सगळं पंधरा-वीस दिवस नेमानं कर. ज्या शेळीचा सड बंद झाला आहे, कास आतून कडक गाठाळली आहे किंवा इतकी लोंबते की चालताना पायात येते, ती सरावानं सुधारणार नाही. तिची करडं वाढव आणि तिच्या धारेचा नाद सोड. बाकीच्यांपैकी बहुतेक वळणावर येतात. म्हणून विकायचा विचार मनात आला तर आधी कास बघ, मग जागा बघ, मग आपला हात बघ. तिन्हींत खोट सापडली नाही, तरच शेळीला दोष दे.